‘ते कोणाचे होईल?’ : ख्रिस्ती घरात मृत्युपत्र कसं करावं

आमच्या मंडळीत स्वर्गीय वतनाची गीतं लोकांना तोंडपाठ आहेत आणि सातबारावर अजून पणजोबांचं नाव आहे. माझी सगळी नोकरी दस्त नोंदणीच्या कार्यालयात गेली, अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये. निवृत्त झाल्यावर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीवर आले. तेव्हापासून रविवारी उपासना सुटली की चर्चच्या पायरीवर कुणीतरी गाठतंच. "सलाम बाई. जरा विचारायचं होतं. लिहून ठेवावं म्हणतोय, पण बरं दिसेल का?"

बरं दिसेल का, हाच आपल्याकडचा मोठा अडसर. मृत्युपत्र करणं म्हणजे देवावर भरवसा नाही, मुलांवर विश्वास नाही, किंवा पैशात जीव अडकलाय, असं काहीतरी लोकांना वाटतं. "मुलं चांगली आहेत हो आमची" हे तर हमखास. मुलं चांगलीच असतात. कागद नसला की चांगली माणसंही चुलत्याच्या, मेव्हण्याच्या सल्ल्याने वागायला लागतात.

लूककृत शुभवर्तमानाचा बारावा अध्याय काढा. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाची वाटणी करून दे. येशू साफ नाही म्हणतो. मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि मग तो त्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो, ज्याचं पीक उदंड येतं आणि जो जुनी कोठारं मोडून मोठी बांधायला निघतो. यावर आपण लोभाचं प्रवचन ऐकतो, ते योग्यच आहे. पण देव त्या माणसाला शेवटी काय विचारतो ते पाहा. आज रात्री तुझा जीव मागितला जाईल, मग तू जे जमवून ठेवलंस ते कोणाचं होईल? प्रश्न वारसाचा आहे. वाटणीच्या भांडणाला उत्तर म्हणून सांगितलेली गोष्ट त्या प्रश्नापाशी येते, आणि त्या शेतकऱ्याकडे उत्तर नसतं.

माझं म्हणणं एवढंच की जे काम येशूने अंगावर घेतलं नाही ते पाळकसाहेबांवर, पंचांवर किंवा दिवाणी न्यायाधीशावर ढकलू नये. ज्याचं आहे त्यानेच शुद्धीत असताना या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहावं. कसं, ते आता सांगते.

आधी काय आपलं नाही ते खोडा

वहीचं एक पान घ्या आणि जे जे आहे ते लिहून काढा. घर, प्लॉट, शेत, बँकेतल्या ठेवी, पतसंस्थेतले पैसे, सोनं, गाडी, विमा, कुणाला उसने दिलेले. मग त्यातलं जे आपलं नाही ते खोडा. मिशन कंपाउंडातल्या खोलीत तीन पिढ्या राहिलो म्हणून ती खोली आपली होत नाही. ती ट्रस्टची आहे, मृत्युपत्रात लिहिली तरी मुलांना मिळणार नाही, उलट त्यांच्या पदरी दावा येईल. भावांबरोबर सामाईक असलेल्या घरात आपला हिस्सा जेवढा आहे तेवढाच लिहा.

आमच्या भागात अनेक ख्रिस्ती घरांकडे महार वतनाची जमीन आहे. १९५८ च्या कायद्याने ती वतनं संपली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत दिल्या गेल्या. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असं दिसतं. ही जमीन वारसांकडे जाते, पण विकायची किंवा बाहेरच्याला द्यायची म्हटलं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तेव्हा अशी जमीन कुणाच्या नावे लिहिण्याआधी महसूल कार्यालयात विचारून या.

लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात देव इस्राएलाला सांगतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ परके आणि उपरे आहात. हे वाक्य यादीच्या वर लिहून ठेवावं असं मी लोकांना सांगते. धार्मिक दिसावं म्हणून नाही. आपण मालक नसून कारभारी आहोत हे एकदा पटलं की ‘माझ्या घामाचं आहे, मी कुणालाही देईन’ ही भाषा बंद होते. कारभाऱ्याला हिशेब द्यायचा असतो.

हिशेबात देणी पहिली. बँकेचं कर्ज, सोसायटीचं पीककर्ज, दुकानातली उधारी, भिशी, आणि घरात काम करणाऱ्या बाईचा, शेतावरच्या गड्याचा पगार. भारतीय वारसा कायदा, १९२५ यात मयताच्या मिळकतीतून काय कोणत्या क्रमाने फेडायचं ते सांगितलंय. अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च आधी, मग कोर्टकचेरीचा. त्यानंतर लगेच मरणाआधीच्या तीन महिन्यांत मजूर, कारागीर किंवा घरगडी यांनी केलेल्या कामाची मजुरी, आणि बाकीची कर्जं त्याच्या मागून. वारसांचा नंबर सगळ्यांत शेवटी. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेल्या मजुरीची जी ओरड देवाच्या कानी जाते ती या कलमात शिरली आहे असं मला नेहमी वाटतं. देणी वेगळ्या पानावर लिहा, नावानिशी आणि रकमेनिशी. बाईचा पगार तोंडी ठरलेला असतो, तो तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसतो.

काहीच लिहिलं नाही तर काय होतं

हे समजल्याशिवाय मृत्युपत्र करावं की नाही हे ठरवता येत नाही, आणि आपल्या लोकांना इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. टीव्हीवर आणि शेजारी जे ऐकतो ते हिंदू वारसा कायद्याचं असतं. आपल्याला १९२५ चा कायदा लागतो.

पहिला गैरसमज ‘वडिलोपार्जित’ हा. मुलगा येऊन म्हणतो, आजोबांची जमीन आहे, त्यात माझा जन्मतः हक्क आहे. ख्रिस्ती माणसाला तसा जन्मतः हक्क नाही. वडिलांना त्यांच्या वडिलांकडून मिळालेली जमीन ही वडिलांची स्वतःची, ती ते विकू शकतात, कुणालाही लिहून देऊ शकतात. हे ऐकून तरुण मुलांची तोंडं उतरतात आणि म्हाताऱ्यांची उजळतात.

दुसरं, हिस्से. नवरा मृत्युपत्र न करता गेला, मागे बायको आणि मुलं आहेत, तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे. नऊ एकर असेल तर तीन एकर बायकोचे, आणि तीन मुलं असतील तर प्रत्येकाला दोन. मुलगा-मुलगी, लग्न झालेली-न झालेली, फरक नाही. बायको गेली आणि नवरा मागे राहिला तरी हेच. एखादा मुलगा आईबापाआधीच गेला असेल तर त्याचा हिस्सा त्याच्या मुलांना.

आणि त्याच्या बायकोला? काही नाही. विधवा सुनेला या कायद्यात सासू-सासऱ्यांच्या मिळकतीत वाटा नाही. तिला मुलं असतील तर मुलांच्या नावाने तरी घरात राहता येतं. मूल नसेल तर सासऱ्यांच्या मागे ती त्या घरात कायद्याने परकी. रूथचं पुस्तक आपण लग्नात वाचतो. नवरा गेलेली, मूल नसलेली सून सासूला सोडत नाही, तिच्यासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. तिच्या कष्टांना १९२५ च्या कायद्यात जागा नाही. तुमच्या घरात रूथ असेल, जी आजारपणात तुमची भांडी धरते, तर तिच्यासाठी मृत्युपत्र हाच एक रस्ता आहे. तिच्या नावे काय ते स्पष्ट लिहा. ‘सून म्हणून सांभाळावे’ असली मोघम विनंती करू नका. विनंतीवर फेरफार होत नाही.

तिसरी गोष्ट आईची. मुलगा मूलबाळ नसताना गेला, मागे बायको आणि आईवडील आहेत. अर्धं बायकोला, उरलेलं अर्धं सगळं वडिलांना. वडील हयात असतील तर आईला स्वतःचा हिस्सा नाही. वडील नसतील तर मग आई, भाऊ, बहिणी सारखे वाटेकरी. वधस्तंभावरून येशूने आपली आई योहानाच्या हवाली केली, त्या वेदनेत ते एक काम त्याने उरकलं. ज्यांना मूल नाही आणि आई आहे त्यांनी कायदा आईला पाहून घेईल असं धरून चालू नये.

गोव्यात घरदार असलेल्या नातेवाइकांना हा लेख तसाच पाठवू नका. तिथे पोर्तुगीज काळापासूनची वेगळी पद्धत आहे. मुलं असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते, मृत्युपत्राने ती दुसरीकडे वळवता येत नाही, आणि नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात. त्यांनी तिथल्या वकिलाला विचारावं.

मुलींचं नाव

कार्यालयात एक दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की डोळे मिटले तरी दिसतं. भाऊ बहिणीला गाडीत घालून आणतो. तिच्या अंगावर नवी साडी, घडीच्या रेघा अजून तशाच. वडिलांना जाऊन फार दिवस झालेले नसतात. टेबलावर हक्कसोडपत्र. कॅमेऱ्याकडे बघा म्हटलं की ती पदर नीट करते, अंगठा यंत्रावर ठेवते आणि भावाला विचारते, "इथंच का दादा?" मी नियमाप्रमाणे प्रत्येकीला विचारायची, वाचलंय का, समजलंय का, मोबदला मिळाला का. "हो, मिळाला." काय मिळाला ते अंगावर दिसत असायचं.

काही बहिणी खरंच मनापासून सोडतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. पण ‘मुलीने माहेरचं मागितलं की माहेर तुटतं’ ही भीती आपल्यात शास्त्रातून आलेली नाही. गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशे, याजक आणि सगळ्या सरदारांसमोर, दर्शनमंडपाच्या दारात उभ्या राहतात. आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसलं जावं? आम्हाला वतन द्या. मोशे स्वतः निकाल देत नाही, परमेश्वराला विचारतो, आणि उत्तर येतं की या मुली रास्त बोलतात. पाचही जणींची नावं शास्त्रात दिली आहेत : महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. अर्थात त्यांना मिळालं ते भाऊ नव्हता म्हणून, आणि पुढे छत्तिसाव्या अध्यायात वंशातच लग्न करायची अटही आली. त्यामुळे तो अध्याय म्हणजे आजची समानता, असं मी म्हणणार नाही. पण मागणाऱ्या मुलीला देव हावरी म्हणाला नाही, हे नक्की.

आपल्या देशात ख्रिस्ती मुलीसाठी ही लढाई केरळात झाली. त्रावणकोर भागात १९१६ च्या जुन्या कायद्याने मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली निकाल लागला की तिथेही १९२५ चाच कायदा चालेल. महाराष्ट्रात तो आपल्याला आधीपासून होता. आपल्या मुलींचा हक्क कागदावर कधी कमी नव्हताच, तो जातो हक्कसोडीच्या टेबलावर.

म्हणून मृत्युपत्रात मुलीला काय दिलं ते नाव घेऊन लिहा. लग्नात केलेला खर्च वजा धरायचा असेल तर तसंही लिहा, मुलाच्या शिक्षणाचा खर्चही मग त्याच ओळीत लिहा. आणि कुणाला मुद्दाम कमी देत असाल तर कारण एका वाक्यात द्या, टोमणा न मारता. मेलेल्या बापाच्या टोमण्याला मुलांना उलट उत्तर देता येत नाही.

मंडळीला द्यायचं असेल तर

देणारे आमच्यात आहेत, आणि ते मन मोडू नये. पण आधी मार्काचा सातवा अध्याय वाचा. आईबापांना जे द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं म्हणून हात वर करणाऱ्यांना येशूने फार कडक शब्दांत सुनावलंय. देवाच्या नावावर घरच्यांचं तोडलेलं अर्पण त्याला नको आहे. पौलही तीमथ्याला लिहितो की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. आधी बायको, अपंग मूल, म्हातारी आई यांची सोय, मग मंडळी. पाळकसाहेबांनाही मी हे तोंडावर सांगते आणि तेही मान्य करतात.

या बाबतीत एक गंमतीची, म्हणजे खरं तर संतापाची गोष्ट आहे. १९२५ च्या कायद्यात ११८ वं कलम होतं. पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मादाय कामासाठी मिळकत मृत्युपत्राने द्यायची तर मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेलं हवं आणि केल्यापासून सहा महिन्यांच्या आत ठरलेल्या ठिकाणी जमा केलेलं हवं. म्हणजे आपण कधी मरणार ते आधी ठाऊक पाहिजे! मरणाच्या दारातल्या माणसाकडून धर्माच्या नावाने लिहून घेतलं जाऊ नये, ही त्यामागची जुनी इंग्रजी धास्ती. हिंदू, मुसलमानांना ही अट नव्हती. जॉन वल्लमट्टम या केरळच्या धर्मगुरूंनी तिला आव्हान दिलं आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. अजूनही काही लोक, क्वचित एखादा वकीलसुद्धा, ‘चर्चला देता येत नाही’ असं सांगतो. देता येतं.

कलम गेलं ते बरं झालं, पण त्यामागची धास्ती मला पूर्ण खोटी वाटत नाही. मंडळीला द्यायचं ते दवाखान्याच्या खाटेवरून देऊ नका. धडधाकट असताना, मुलांना सांगून द्या. आणि ‘माझ्या मंडळीला’ असं नुसतं लिहू नका. आमच्याकडे एकाच चर्चच्या इमारतीवर दोन-दोन संस्था हक्क सांगतात. ज्या ट्रस्टला द्यायचं त्याचं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेलं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा, कशासाठी ते लिहा : मुलींचं वसतिगृह, छपराची दुरुस्ती, विधवांना मदत. मोघम लिहिलेलं दान कोर्टात टिकत नाही.

किती द्यावं याला मी आकडा सांगत नाही. हनन्या आणि सप्पीरेची गोष्ट लोक घाबरवायला वापरतात, पण पेत्राचं वाक्य नीट वाचा : जमीन होती तोवर तुझीच होती ना, आणि विकल्यावर पैसे तुझ्याच हाती नव्हते का? त्यांनी कमी दिलं हा गुन्हा नव्हता. सगळं दिलं म्हणून दाखवलं, हा होता.

कागद

आता लिहायला बसा. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो, हाताने लिहिलेलंही चालतं. भाषा तुमची. सुरुवात अशी करा :

‘मी, (पूर्ण नाव), वय, धर्म ख्रिस्ती, राहणार (पत्ता), पूर्ण शुद्धीत, स्वसंतोषाने, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. याआधी केलेली सर्व मृत्युपत्रे मी रद्द करत आहे.’

यानंतर नवरा-बायको, मुलं, मयत मुलाची मुलं, सगळ्यांची नावं आणि नातं. मग एकेक मिळकत. शेत असेल तर गाव, गट नंबर, क्षेत्र. घर असेल तर सिटी सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा. सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड समोर ठेवून उतरवा, आठवणीने लिहू नका. एक गट नंबर चुकला की पुढचा फेरफार अडतो. सोन्याचं लिहिताना ‘दागिने सुनांना’ असं न लिहिता ‘चार पदरी मोहनमाळ धाकट्या मुलीला’ असं लिहा.

ज्याला दिलं तो तुमच्याआधी गेला तर ते कुणाकडे जाईल तेही लिहा. आणि शेवटी एक ओळ हवीच : ‘वर न लिहिलेली व यापुढे मला मिळणारी सर्व मिळकत अमुक यांना.’ ही ओळ नसली तर राहून गेलेल्या एका पासबुकासाठी वारसांना वेगळी धावपळ करावी लागते.

मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, ज्याला लोक एक्झिक्युटर म्हणतात, तो नेमा. मोठा मुलगा म्हणून नेमू नका. हिशेबाला पक्का आणि सगळ्यांशी बोलणं असलेला माणूस बघा, आणि त्याला आधी विचारा.

सही प्रत्येक पानावर, सही येत नसेल तर अंगठा. तारीख आणि गाव. दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलंय आणि ज्यांनी तुमच्यासमोर सही केली आहे. तिघं एकाच वेळी एकाच टेबलाशी बसा, म्हणजे पुढे कुणाला फाटे फोडता येत नाहीत. इथे एक खड्डा आहे. ज्याला मृत्युपत्रात काही दिलंय त्याला, किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला, साक्षीदार करू नका. मृत्युपत्र टिकतं, पण त्या माणसाला दिलेलं बाद होतं. जावयाची साक्ष घेतली आणि घर मुलीला लिहिलं, तर मुलीचं घर गेलं. साक्षीदार तुमच्याहून तरुण असावेत, हे तर उघड आहे.

वय जास्त असेल किंवा नुकतं आजारपण झालं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. नोंदणी सक्तीची नाही, पण मी करायला सांगते. फोटो आणि अंगठा सरकारी दप्तरात राहतो, ‘ही सही बाबांची नाहीच’ हा वाद आटपतो. गुप्त ठेवायचं असेल तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून खरं ठरवून घेण्याची, भीती घालणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. भारतीय ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रासाठी असलेली ती सक्ती २००२ च्या दुरुस्तीने काढली आहे.

बँकेत नॉमिनी लावलाय म्हणून मृत्युपत्राची गरज नाही असं समजू नका. नॉमिनी हा बँकेकडून पैसे घेणारा हात. पैसे कुणाचे ते मृत्युपत्र किंवा कायदा ठरवतो. विम्याचे नियम थोडे निराळे आहेत, ते पॉलिसी काढून विचारून घ्या.

मुलांना जिवंतपणीच सगळं बक्षीसपत्राने देऊन मोकळं व्हावं, असं अनेकांना वाटतं. धाकट्या मुलाने बापाकडून वाटा मागून नेला ती गोष्ट आपल्याला पाठ आहे, आणि तो परत आला म्हणून आपल्याला ती गोड लागते. बापाकडे अजून घर होतं, वासरू होतं, अंगठी होती, म्हणून त्याचं स्वागत करता आलं हे विसरू नये. वसईच्या कॅथलिक भावंडांच्या बायबलात सिराकचा ग्रंथ आहे, तो आमच्यात नाही, पण त्यातला सल्ला नामी आहे : जिवंत आहेस तोवर कुणाच्या हाती स्वतःला देऊ नकोस, शेवटच्या घटकेला वाटप कर. देणारच असाल तर बक्षीसपत्रात ‘मला व माझ्या पत्नीला शेवटपर्यंत सांभाळण्याच्या अटीवर’ हे शब्द घाला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने अट मोडली तर दिलेलं परत मागता येतं, पण त्यासाठी अट कागदावर असलेली बरी.

दुसरं वतन

पेत्र ज्या अविनाशी, न कोमेजणाऱ्या वतनाबद्दल लिहितो ते मृत्युपत्राने देता येत नाही. ते प्रत्येकाला देवाकडूनच घ्यावं लागतं, आणि एकाला मिळालं म्हणून दुसऱ्याचं गुंठाभरही कमी होत नाही. इफिसकरांच्या पत्रात पौल पवित्र आत्म्याला त्या वतनाचा विसार म्हणतो, म्हणजे मरेपर्यंत थांबायचीही गरज नाही. आईबापांच्या हाती एवढंच की त्यांनी जे पाहिलं ते सांगावं. तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असं पौल नाव घेऊन लिहितो.

म्हणून मृत्युपत्राबरोबर एक वेगळं पत्र लिहा. वेगळं अशासाठी की मृत्युपत्र तलाठी वाचतो, बँकवाला वाचतो, प्रसंगी समोरचा वकील वाचतो. त्यात साक्ष घालायची नाही. पत्रात मात्र उपदेशही घालू नका. ‘प्रार्थनेत राहा, एकीने राहा’ हे मुलांनी आयुष्यभर ऐकलंय. नावं, वर्षं, घडलेलं लिहा.

आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त नर्सबाईंनी त्यांचं पत्र मला वाचून दाखवलं होतं. त्यात १९७२ च्या दुष्काळात शेजारच्या घराने न मागता दिलेल्या ज्वारीचा उल्लेख होता, त्या घरातल्या नातवंडांची नावं होती, आणि ‘यांच्यापैकी कुणी दारात आलं तर रिकाम्या हाताने पाठवू नका’ एवढंच. पुढे मधल्या मुलाशी काही वर्षं अबोला होता त्याबद्दल दोन ओळी, कुणाचं चुकलं ते न सांगता. मग त्या रात्रपाळीत जे स्तोत्र मनात म्हणायच्या त्याचा अंक. पान-दीड पान. त्यांच्या मुलांना घरासोबत हेही मिळालं.

आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना काय सोडावं लागलं ते ठाऊक असेल तर तेही लिहा. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये यासाठी १८५० साली इंग्रज सरकारला कायदा करावा लागला, इतकं ते सर्रास होत होतं. कायदा असूनही पुष्कळांनी हिस्सा मागितलाच नाही. आज आपण ज्या अर्ध्या गुंठ्यावरून भांडतो त्याच्याशेजारी नातवंडांना हेही माहीत असावं.

ठेवायचं कुठे

मूळ प्रत घरातल्या लोखंडी कपाटात किंवा नोंदणी झाली असेल तर तिच्या पावतीसह फाइलमध्ये. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लॉकर दोघांच्या नावे असू द्या, नाहीतर मृत्युपत्र दाखवल्याशिवाय लॉकर उघडत नाही आणि लॉकर उघडल्याशिवाय मृत्युपत्र मिळत नाही. बायबलात घडी घालून ठेवायची आपली सवय सोडा. पाहुणे येतात, बायबल हातात घेतात, पान पडतं. एक्झिक्युटरला जागा सांगा, मजकूर सांगायलाच हवा असं नाही.

लग्न झालं की ख्रिस्ती माणसाचं आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. विधुराने किंवा विधवेने पुन्हा लग्न केलं तरीही. तेव्हा उपासना मंदिरातून घरी आल्यावर, पाहुणे पांगले की, नवीन लिहायला घ्या. मूल जन्मलं, कुणी गेलं, जमीन घेतली किंवा विकली तर बदल करा. किरकोळ बदलाला पुरवणी मृत्युपत्र चालतं, त्यालाही दोन साक्षीदार लागतात. जुन्या कागदावर खाडाखोड करून शेजारी नुसती सही करू नका. आणि नवीन केलं की जुन्याच्या झेरॉक्ससुद्धा फाडून टाका. घरात दोन मृत्युपत्रं सापडली की पुढचा रविवार कमिटीच्या खोलीत जातो, आणि तिथे मीच बसलेली असते.